व्हील काले पायजे

आमच्या घरात ळ फक्त माझ्याकडे आहे. नवरा डोळ्याला डोला म्हणतो, सासू केळ्याला केला म्हणते, आणि दोघांच्या मते मी उगाच जीभ वाकडी करून शहाणपणा दाखवते. दाखवते तर दाखवते. आश्रमशाळेत आमच्या बाईंनी माझा ळ अक्षरशः घासून बसवलाय. 'फला' म्हटलं की फळ्याजवळ उभं करायच्या आणि नीट म्हणेपर्यंत जेवायला सोडायच्या नाहीत. भूक लागली की माणूस काहीही शिकतो. तर त्या ळपायी बोर्डीच्या जतीनशेठच्या मुलीच्या लग्नात जो घोळ झाला, तो सांगते. मधेच हसायचं नाही. हसायची जागा आली की मी सांगेन.

मी संगिता. वेवजीला उंबरगावच्या रस्त्यावर आमची पत्र्याची शेड आहे. बाहेर बोर्डावर मोठ्या अक्षरांत 'संगिता बफिंग' आणि खाली बारीक अक्षरांत 'व उमेश पेंटिंग'. उमेश म्हणजे माझा नवरा. बोर्ड त्यानेच रंगवला, आणि स्वतःचं नाव बारीक का, तर म्हणे जागा उरली नाही. असा माणूस आहे. भांडायला घ्यावा तर हाताला काही लागत नाही. मी मात्र पटकन तापते, आमच्या पाड्यावर कोणालाही विचारा.

बफिंग मी सीमेपलीकडे गुजरातमधल्या भांड्यांच्या कारखान्यात शिकले. ताटं, लोटे, पातेली, दिवसभर फिरत्या चाकावर धरायची आणि चमकवायची. लग्न झाल्यावर ते सोडलं आणि घरचं काम सुरू केलं. आधी देवळांच्या घंटा आणि समया आल्या. मग एक दिवस हायवेवरच्या गॅरेजवाल्याने गाडीचं एक ॲल्युमिनियमचं चाक आणून टाकलं. आमच्याकडे त्याला सगळे मॅगव्हील म्हणतात. म्हणाला, जमतं का बघ. जमलं. लोट्यात तोंड दिसतं तसं चाकात दिसायला लागलं, आणि तेव्हापासून दमणपासून डहाणूपर्यंतचे जुन्या गाड्यांचे हौशी लोक मला शोधत येतात.

जतीनशेठ तसेच आले. बोर्डीला चिकूची मोठी वाडी, घरात गुजराती, बाजारात मराठी, आणि रागावले की दोन्ही. टेम्पोतून चार चाकं उतरवली तेव्हा मी कपाळावर हात मारला. कॉन्टेसा गाडीची चाकं, तीही तरुणपणी शेठनी स्वतः मुंबईहून आणून बसवलेली. गाडी कित्येक वर्षं वाडीतल्या छपराखाली उभी होती आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने चाकांची पार वाट लावली होती. वरची लॅकर, म्हणजे चमक राखणारा पारदर्शक थर, पोपडे धरून सुटलेली, तिच्याखाली पांढरी बुरशी चढल्यासारखा गंज, कडा दगडांना घासून खाल्लेल्या. आणि खाचा! चाकाच्या पात्यांमध्ये सगळीकडे खोल खाचा. मशीन तिथे पोचत नाही, बोटंच घालावी लागतात.

चाकं बघून झाल्यावर शेठ स्टुलावर बसले आणि कारण सांगितलं. त्यांची एकुलती एक सोनल, तिचं वापीला ठरलं होतं. मुलाकडचे नवरीसाठी नवीकोरी मोठी गाडी पाठवणार होते. शेठची इच्छा अशी की मुलगी आपल्या घरून आपल्या गाडीतून जावी आणि गाडी आपणच चालवावी. त्यांनी इंजिन करून घेतलं, सीट शिवून घेतल्या, रंग मारून घेतला. तर जेवताना सोनल म्हणाली, पपा, चाकं आरशासारखी झाली तर तुमच्या गाडीतून जाईन, नाहीतर त्यांच्या. एवढीच अट. सांगताना शेठ जरासुद्धा हसले नाहीत. मला त्या पोरीचा रागच आला. बाप एवढा जीव टाकतोय आणि ही अटी घालतेय.

निघताना शेठनी बोट वर केलं.

"संगिताबेन, एक लक्षात ठेवा. रंग बिलकूल नको. धातू दिसला पाहिजे."

मी म्हटलं, शेठ, रंग मारायचा असता तर माझ्याकडे कशाला आला असता. उमेश तेव्हा गावात कोणाच्या तरी बाइकची टाकी रंगवायला गेला होता. हे लक्षात ठेवा.

मग मी कामाला लागले. जुनी लॅकर काढली, मग घासायचा वॉटर पेपर, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. मग ग्राइंडरला कापडाचा बफ लावून पॉलिशच्या साबणाने चमक काढली. पात्यांचं काम आवाज करतं पण भराभर होतं. जीव खाल्ला तो खाचांनी. काडीला पेपर गुंडाळून एकेक खाच घासायची. बोटांची सालं निघाली. दुपारी सासू चहा घेऊन यायची आणि म्हणायची, एवढं पोराचं नाक पुसलं नाही कधी कोणी. माझी सासू रखमी. बोलायला तिखट, पण चहा गोड करते.

शेवटी चारही चाकं झाली. फक्त वरून पारदर्शक लॅकर मारायची राहिली होती आणि ती संपली होती. लग्नाला अजून वेळ होता, शेठ लग्नाच्या दिवशी सकाळी न्यायला येणार होते. म्हणून मी चाकं शेडमध्ये ओळीने मांडली, त्यांच्यात एकदा तोंड बघून केस सारखे केले आणि लॅकर आणायला उंबरगावला गेले. दुकानाचा फोन शेडमध्येच असतो, तो तिथेच ठेवला.

मी गेले आणि शेठचा फोन आला. सासूने उचलला. तिला गुजराती छान येतं, उभा जन्म बोर्डीच्या वाड्यांमध्ये चिकू वेचण्यात गेला. शेठ बोलले ते साधंच होतं. बेत बदललाय, "व्हील काले जोईए." म्हणजे गुजरातीत, चाकं उद्याच पाहिजेत.

सासूने आवाज देऊन मुलाला सांगितलं, शेठचा फोन होता, व्हील काले पायजे. मोठ्या माणसाचा निरोप आहे म्हणून शब्द बदलला नाही, जसा आला तसा पोचवला. आणि आमच्या घरात, मी आधीच सांगितलं, ळ नाही. काळा म्हणजे काला. उमेशने ऐकलं, शेठला व्हील काळे पाहिजेत. बरं, शेठ चाक म्हणाले असते तरी वाचलो असतो. चाक काला होत नाही, चाक कालं होतं, चाकं काली होतात. उमेशला तेवढं व्याकरण येतं. पण शेठ व्हील म्हणाले, आणि व्हील काले अगदी बरोबर बसलं. त्यात हायवेवरचं प्रत्येक पोरगं हल्ली काळी चाकं मागत येतं. शंका यायला जागाच नव्हती.

मी रिक्षातून उतरले तर शेडपुढे उन्हात चार चाकं वाळत होती. काळीकुट्ट. त्यांच्या शेजारी उमेश हात मागे बांधून उभा होता. शाबासकी पाहिजे असली की तो असा उभा राहतो.

आता मी काय काय बोलले ते सांगत नाही. सासूने चहाची किटली उचलून आत नेली, फुटेल म्हणून. समोरचा पंक्चरवाला दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. उमेश आपला शांतपणे सांगतोय की शेठचाच निरोप आहे, आयला विचार. सासू सांगतेय की मी शब्दाचाही फरक केला नाही. आणि दोघंही खरं बोलत होते, त्याने मी आणखी भडकले.

आणि मग उमेशने मला समजावायचं म्हणून जे सांगितलं, ते त्याहून वाईट होतं. पॉलिश केलेल्या धातूवर रंग धरत नाही, गुळगुळीत असतो. म्हणून आधी त्याने चारही चाकं पेपरने घासून खरखरीत करून घेतली होती. नीट, मन लावून. खाचांसकट.

मी तिथेच मातीत बसले. मला रडू आलं. रागाचं नाही, खरंच आलं.

डोळे पुसून शेठना फोन लावला. म्हटलं, निरोप नक्की काय होता तो तरी कळू दे. शेठ म्हणाले, हां संगिताबेन, काले, काले. परवा लग्न, म्हणून गाडी उद्याच उभी करायची आहे, उद्या सकाळी सोनल टेम्पो घेऊन येईल. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काले. मी फोन धरून उमेशकडे बघितलं, सासूकडे बघितलं, काळ्या चाकांकडे बघितलं. आणि मला हसू फुटलं. हं, आता हसा. शेठ पलीकडून विचारतायत काय झालं, काय झालं, आणि मी म्हणतेय काही नाही शेठ, झालीच समजा. ज्या जिभेत ळ आहे त्याच जिभेने मी धडधडीत खोटं बोलले.

मग थिनरचे डबे उघडले. तिघं बसलो. सासूसुद्धा पदर खोचून बसली, चिंध्या बुडवून देत होती. दिवेलागणीपर्यंत पात्यांवरचा रंग निघाला. खाली माझं सगळं काम ओरखड्यांनी भरलेलं. सकाळी उजाडताच पुन्हा पेपर आणि पुन्हा बफ. उमेश एक शब्द बोलत नव्हता, मी म्हणेन ते करत होता. असा तो वागला की मला जास्त त्रास होतो. भांडला असता तर बरं.

टेम्पो आला तेव्हा दोन चाकांची पाती चमकत होती, तिसरं अर्धं झालं होतं, चौथं मेलेल्या राखाडी रंगाचं होतं. आणि चारही चाकांच्या सगळ्या खाचा अजून काळ्याच होत्या.

सोनल उतरली. कोपरापर्यंत मेंदी, दोन्ही हात शरीरापासून लांब धरलेले, ओढणी एका मैत्रिणीने धरलेली. मी तिला काही बोलायच्या आत तिने चाकं बघितली आणि विचारलं, ताई, हे काय? मी सगळं सांगितलं. लपवून काय करणार होते? काले ऐकल्यावर ती इतकी हसली की मैत्रिणीला तिचे डोळे पुसावे लागले.

मी म्हटलं, तुला काय, तू जाशील नव्या गाडीतून. तोंडातून निघून गेलं. राग होताच ना मनात.

सोनल उलट्या डब्यावर बसली.

"ताई, मी कुठल्याही चाकावर पपांच्याच गाडीतून गेले असते. लग्न ठरल्यापासून ते वाडीत एकटे जाऊन बसायचे, जेवायचे नाहीत. म्हणून गंमत म्हणून अट घातली, कामात राहतील म्हणून. आणि ते खरंच कामाला लागले. आता कसं सांगू की गंमत होती?"

मी बफ बंद केला. तिला म्हटलं, मग सांग ना, सांगून टाक. तर म्हणाली, तुम्ही पपांना ओळखत नाही. ते शब्दाचे इतके पक्के आहेत की चाकं झाली नाहीत तर स्वतः मला हाताला धरून त्यांच्या गाडीत बसवतील, आणि मी कितीही म्हटलं तरी त्यांना वाटेल मी दया करतेय.

मला तिची मायाच आली. सकाळपासून मनातल्या मनात तिला दिलेल्या शिव्या मी मनातल्या मनातच परत घेतल्या.

पण मायेने चाकं होत नाहीत. पाती दुपारपर्यंत झाली असती. खाचांना मात्र पुन्हा तेवढेच दिवस हवे होते, आणि दिवस नव्हते. तेव्हा उमेश बोलला. कालपासून पहिल्यांदा.

"खाचा राहू दे काल्या."

मी म्हटलं, शेठनी रंग बिलकूल नको सांगितलंय. तो म्हणाला, बघ तरी. झालेलं एक चाक उचलून त्याने उन्हात धरलं. खाचा काळ्या, पाती पांढरीशुभ्र, आणि काळ्यामुळे पाती आधीपेक्षा दुप्पट उठून दिसत होती. मी इतके दिवस घासत होते तेव्हा ती अशी दिसली नव्हती, हे मला मान्य करावं लागलं. मनातल्या मनात. तोंडाने मी म्हटलं, लग्नाच्या गाडीला काळं? सोनलची आई जीव घेईल माझा.

सासू किटली घेऊन उभी होती. तिने एकदाच सांगितलं, "तीट हाय म्हनून सांग."

सोनल डब्यावरून उठली आणि म्हणाली, ठरलं. हाताने मदत करता येत नव्हती म्हणून मग ती समोर बसून प्रत्येक पात्यात तोंड बघून पास-नापास करत राहिली. एकदा म्हणाली, ताई, इथे माझं नाक मोठं दिसतंय, पुन्हा घासा. मी म्हटलं, नाक तुझं आहे, त्याला माझा बफ चालत नाही.

लॅकर मारली, वाळली, चाकं टेम्पोत चढवली. उमेश म्हणाला, मी येतो सोबत, चूक माझी. मी म्हटलं, बोलणी खायची तर मी खाईन, माझं नाव बोर्डावर मोठं आहे. आणि तशीच टेम्पोत बसले.

बोर्डीला शेठच्या वाडीत मंडप पडला होता. बायका रेशमी साड्यांत, अत्तराचा वास, पंगतीची तयारी. तेव्हा मला माझे हात दिसले. बफिंगचं काळं. साबणाने जात नाही, सोड्याने जात नाही, नखांत आणि बोटांच्या रेघांमध्ये बसतं. निघताना घाईत धुवायचे राहिलेच होते, वर आणखी थर होता. मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

शेठ आले. मागे दोनचार पाहुणे, सोनलची आत्या. पहिलं चाक त्यांनी स्वतः उतरवलं, खाटेवर उभं केलं आणि समोर उकिडवे बसले. त्यांचं तोंड पात्यांमध्ये दिसत होतं, मला मागून दिसत होतं. बोट पात्यावरून फिरवत नेलं, आणि खाचेपाशी थांबले.

"संगिताबेन, मी रंग नको म्हणालो होतो."

आत्या लगेच म्हणाली, अरे, काळं कसं चालेल, शुभकार्य आहे. सोनल माझ्या शेजारी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. शेठ चाकापुढून उठले तर संपलं, हे दोघींनाही माहीत होतं.

मी म्हटलं, "शेठ, एवढी चकचकीत चाकं तुम्ही रस्त्यावर काढणार, सगळा गाव बघणार. नजर लागायला नको म्हणून तीट लावलीय." आवाज माझा जरा चढलाच. भीती वाटली की माझा आवाज चढतो.

शेठनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग सोनलकडे.

"गाडीला काय नजर लागायचीय," ते म्हणाले. "लावायची तर हिला लावा."

आत्या काजळाची डबी आणायला वळली. शेठनी तिला थांबवलं. म्हणाले, डबी कशाला, ज्यांनी चाकांना लावली त्याच लावतील. आणि मला म्हणाले, हात काढा बेन, पदराखालून.

आख्खा मंडप बघत होता. मी हात काढला. तो असा काळा की आत्याने पदर आवरून घेतला. सोनलने मान वाकडी करून कान पुढे केला, केस मैत्रिणीने वर धरले. मी बोट पुढे केलं. कानामागे टेकवलं, आणि जरा मोठाच डाग पडला. सोनल रडायला लागली. शेठनी पाठ फिरवली आणि मोठ्याने ओरडून विचारलं की टायरवाला कुठे मेलाय, चाकं आजच चढायला पाहिजेत. मग त्यांना पुन्हा ओरडावं लागलं, कारण पहिल्यांदा आवाज नीट निघालाच नव्हता.

लग्नाला आम्ही तिघंही गेलो. उमेशने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि जो भेटेल त्याला सासू सांगत होती की चाकांना तीट आमची हाय. निघायच्या वेळी वापीची नवी गाडी रिकामीच मागे लागली. पुढे कॉन्टेसा, चालवायला शेठ, मागे सोनल आणि तिचा नवरा. चाकं फिरायला लागली तशी खाचा दिसेनाशा झाल्या आणि नुसती चमक राहिली. तिने हात हलवायला मान वळवली तेव्हा कानामागचा डाग मला दिसला. तसाच होता. सकाळी आत्याने दुधाने पुसून बघितला म्हणे, निघाला नाही. निघणारही नाही, बफिंगचं काळं आहे ते. वापीला पोचल्यावरही पुढचे कितीतरी दिवस राहील.